सुनावणीपूर्वीचे तीस दिवस

वर्तमानपत्राच्या ज्या पानावर निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिराती असतात, त्या पानाच्या कोपऱ्यात कधीकधी एक चौकट दिसते. अक्षर बारीक, भाषा सरकारी, आणि आरंभ ठरलेला: ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की...’ आपण ती पाहतो, न पाहिल्यासारखी करतो, आणि चार दिवसांनी त्याच कागदात कोणीतरी आपल्याला भजी बांधून देतो. पुढे वर्ष-दीड वर्षाने शिवारात मोजणीचे खांब उभे राहतात, यंत्रे येतात, धूळ उडते, आणि मग पारावर प्रश्न निघतो, “आम्हाला कोणी विचारले कसे नाही?” वाचकहो, पुष्कळदा विचारलेले असते. त्या भज्यांच्या कागदावर.

ही चौकट जनसुनावणीची. धरण, महामार्ग, बंदर, विमानतळ, खाण, शहराच्या कचऱ्याची भरावभूमी असे एखादे मोठे काम हाती घेण्याआधी त्याचा हवा, पाणी, जमीन, झाडे आणि माणसे यांच्यावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करावा, अहवाल लिहावा आणि तो लोकांपुढे मांडून त्यांचे म्हणणे ऐकावे, असे आपल्याकडे कायद्याचे बंधन आहे. अमेरिकेत असा कायदा १९७० साली झाला. आपल्याकडे अभ्यासाची सक्ती १९९४ साली आली, लोकांचे ऐकण्याची १९९७ साली, आणि आज लागू असलेली अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची आहे. तिच्यात नंतर दुरुस्त्या पुष्कळ झाल्या, परंतु सुनावणीची मूळ रीत तीच राहिली आहे.

ती रीत थोडक्यात अशी. सुनावणी भरवते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. त्याची प्रादेशिक कार्यालये ठाण्यालाही आहेत आणि कल्याणलाही. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी बसतात, अथवा त्यांच्या वतीने अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी. एक राष्ट्रीय दैनिक आणि एक स्थानिक भाषेतले दैनिक यांत निदान तीस दिवस आधी नोटीस यावी लागते. जागा प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा त्याच्या अगदी जवळ हवी, आणि प्रकल्प अनेक जिल्ह्यांतून जात असेल तर जिल्हावार सुनावणी हवी. नागपूरहून निघून आपल्या भिवंडी तालुक्यात आमण्याला येऊन थांबणारा समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून जातो. वाशीमच्या शेतकऱ्याचे दुःख वाशीमलाच सांगितले पाहिजे आणि शहापूरचे ठाणे जिल्ह्यात.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. पाच माणसे आली तरी सुनावणी झाली, आणि पाचशे आली तरी झाली. ‘आपण कोणी गेलोच नाही तर होणारच नाही’ हा हिशेब चुकीचा आहे. होते. आपल्यावाचून होते.

दुसरा गैरसमज याहून मोठा आहे. सुनावणी म्हणजे मतदान, असे आपण धरून चालतो. म्हणून गावोगावच्या गाड्या भरून माणसे न्यायची, घोषणा द्यायच्या, ‘प्रकल्प नको’ असे एकमुखाने सांगायचे, आणि घरी यायचे. पण तिथे कोणी हात वर करायला सांगत नाही. मते मोजलीच जात नाहीत. तिथे मोजले जातात मुद्दे. सुनावणीनंतर एक तक्ता तयार होतो. डाव्या रकान्यात लोकांनी उपस्थित केलेला मुद्दा, उजव्या रकान्यात प्रकल्प करणाऱ्याचे उत्तर. हा तक्ता पुढे तज्ज्ञ समितीपुढे जातो, आणि प्रकल्पाला मंजुरी द्यावी की नाही, द्यायची तर कोणत्या अटींवर, याची शिफारस ती समिती करते. आता डाव्या रकान्यात ‘ग्रामस्थांनी तीव्र विरोध दर्शविला’ एवढेच असेल, तर उजव्या रकान्यात काय येईल? ‘नोंद घेण्यात आली.’ हजार माणसांच्या घशाला कोरड पडली आणि तक्त्यात एक ओळ झाली. याउलट एकाच माणसाने असा प्रश्न टाकला की ज्याचे उत्तर दिल्यावाचून सुटका नाही, तर त्या एका ओळीपायी नकाशा पुन्हा काढावा लागू शकतो.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका सुनावणीला मी गेलो होतो. कोणत्या कामाची, ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. मांडव, पंखे, पुढे टेबलावर पाण्याच्या बाटल्या. पहिले दोन तास नुसता कल्लोळ. ध्वनिक्षेपकासाठी ओढाताण. एका पुढाऱ्याने वीस मिनिटे इतिहास सांगितला. मग बराच वेळ हात वर करून उभ्या असलेल्या एका आगरी म्हाताऱ्या गृहस्थाला कोणीतरी ध्वनिक्षेपक दिला. त्याच्या हातात अहवालाच्या एका पानाची घडी घातलेली प्रत होती. बहुधा नातवाने काढून दिली असावी. तो म्हणाला, “सायेब, यान लिवलंय का आमचा ओहोल कोरडा हाय. तुमी आलेत उन्हाल्यान. पानी येतं आषाढान.”

मांडवात हशा पिकला. पण टेबलामागचा अधिकारी हसला नाही. त्याने पान क्रमांक विचारला आणि लिहून घेतला.

त्या म्हाताऱ्याने नेमके कुठे बोट ठेवले होते ते पाहा. बहुतेक प्रकल्पांसाठी हवा, पाणी, आवाज, माती यांची मोजमापे पावसाळा सोडून एका ऋतूत घेतली तरी चालतात. अभ्यास करणारे लोक हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात येतात, तीन महिने यंत्रे लावतात आणि जातात. यात लबाडी आहे असे नाही. नियमच तसा आहे. परंतु आपला मुलूख कसला? उल्हास, वालधुनी, काळू, भातसा यांचे पाणी ज्या खाडीकडे धावते, त्या खाडीत त्याच वेळी समुद्राची भरती चढत असते. वरून पाऊस, खालून भरती, आणि मध्ये आपण. २६ जुलै २००५ ला कल्याण, बदलापूर, अंबरनाथने काय पाहिले ते ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्या लावून बाहेर काढावे लागले. अशा प्रदेशाचे वर्णन जानेवारीच्या मोजमापांवरून लिहिले तर ते खोटे नसते, अपुरे असते. आणि जे अपुरे आहे ते कोणाकडे आहे? ज्याच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ अजून दिसते, त्याच्याकडे. तज्ज्ञाकडे यंत्र आहे. आपल्याकडे चाळीस आषाढ आहेत. हरकत लिहायची ती या चाळीस आषाढांच्या भांडवलावर.

आता काम कोठून सुरू करायचे? नोटीस दिसली की त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी आणि अहवाल मिळवावा. तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महानगरपालिका, जिल्हा उद्योग केंद्र, प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे पाहण्यासाठी ठेवलेला असला पाहिजे. मंडळाच्या संकेतस्थळावरही तो आणि त्याचा सारांश सापडतो. सारांश मराठीत असतो, असावाच लागतो. मूळ अहवाल बहुधा इंग्रजीत, चारशे-पाचशे पानांचा. इथेच आपली माणसे गळतात. “एवढे इंग्रजी कोण वाचणार?” म्हणून सारांश वाचून थांबतात. सारांश हा लग्नातल्या मुलाच्या माहितीपत्रकासारखा असतो. त्यात उणे काही लिहीत नाहीत.

गुरुजन हो, ही जागा तुमची. चारशे पाने वाचायची नसतात. प्रथम नकाशा काढावा. प्रकल्पाभोवतीच्या दहा किलोमीटर वर्तुळाचा अभ्यास केलेला असतो. त्या वर्तुळात आपले गाव, शाळा, विहिरी, पाणवठा, देवराई, स्मशान, गुरचरण आहे की नाही ते पाहावे. नसेल तर तेवढाच मुद्दा पुरेसा आहे. मग मोजमापे कोणत्या महिन्यांत घेतली ते पाहावे. मग झाडे, पक्षी, मासे यांची यादी. आपल्या खाडीत मिळणारी निवटी, कोळंबी, खेकडे त्या यादीत आहेत का, की कोठल्या तरी दुसऱ्या अहवालातली यादी उतरवली आहे? हसू नका, असे घडते; आपल्याकडे न उगवणारी झाडे अहवालात उगवलेली मी पाहिली आहेत. शेवटी पर्यावरण व्यवस्थापनाचा तक्ता पाहावा. प्रत्येक उपायापुढे किती पैसा आणि कोणाची जबाबदारी, हे तिथे लिहिलेले असते. ‘वृक्षारोपण करण्यात येईल’ याच्यापुढे जागा, संख्या, जगवण्याची मुदत यांपैकी काहीच नसेल तर तो उपाय नव्हे, शुभेच्छा आहे.

अहवालात काय लिहिले आहे याइतकेच काय लिहिलेले नाही हे महत्त्वाचे असते. याचा मोठा दाखला गोव्यातला आहे. मोपा येथील विमानतळाची जनसुनावणी २०१५ साली झाली आणि त्याच वर्षी प्रकल्पाला मंजुरी मिळाली. गोवेकरांनी ती मंजुरी न्यायालयात नेली. अर्जाच्या नमुन्यातच एक रकाना असतो की प्रकल्पापासून पंधरा किलोमीटरच्या आत संवेदनशील क्षेत्रे कोणती आहेत. तो नीट भरलेला नव्हता; जंगले आणि संवेदनशील भाग यांची माहिती दडली होती. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीला पुन्हा विचार करायला लावले. पुढे जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह विमानतळाचा मार्ग मोकळा झाला आणि तो आज उभा आहे, हेही सांगितले पाहिजे. परंतु एका अपुऱ्या रकान्याने देशातल्या एका मोठ्या कामाला दहा महिने थांबवले. तो रकाना वाचायला वकील लागत नाही. त्या पंधरा किलोमीटरांत राहणारा माणूस लागतो.

आता लिहिण्याविषयी. आकाशवाणीवर बोलताना घड्याळ समोर असते. छापील पानावर जरा सवलत मिळते, म्हणून एक नमुनाच देतो. बरेचसे अर्ज असे असतात: ‘सदर प्रकल्पामुळे पर्यावरणाचा प्रचंड ऱ्हास होणार असून आमचे जीवन उद्ध्वस्त होणार आहे. तरी सदर प्रकल्प तात्काळ रद्द करावा.’ यातला प्रत्येक शब्द खरा असू शकेल, पण उत्तर देणाऱ्याला यात काहीच अडचण नाही. तो लिहील, ‘सर्व आवश्यक उपाययोजना करण्यात येतील.’ त्याऐवजी असे लिहून पाहा:

‘अहवालाच्या अमुक पानावरील तक्त्यात आमच्या गावचा ओढा हंगामी व कोरडा दाखवला आहे. मोजणी फेब्रुवारी महिन्यात झाली असे त्याच पानावर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये या ओढ्याचे पाणी सर्व्हे नंबर अमुकच्या बांधावरून जाते. २००५ साली ते मराठी शाळेच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आले होते. पायरीचा फोटो आणि पाच रहिवाशांच्या सह्या सोबत आहेत. नियोजित भराव या ओढ्यावर असून नकाशात एकच मोरी दाखवली आहे. त्या मोरीचा आकार कोणत्या पावसाच्या हिशेबाने ठरवला? पावसाळ्यातील मोजणी करून तो पुन्हा तपासावा, आणि तोवर या भागातील भरावास मंजुरी देऊ नये.’

फरक दिसतो ना? यात शिव्या नाहीत, रडणे नाही. पान आहे, ठिकाण आहे, पाहिलेली गोष्ट आहे, पुरावा आहे, प्रश्न आहे आणि नेमकी मागणी आहे. एका परिच्छेदात एकच मुद्दा घालावा, म्हणजे तक्ता करणाऱ्याला दोन मुद्दे एकात गुंडाळता येत नाहीत. पाच मुद्दे असतील तर त्यांना क्रमांक द्यावेत. भाषा मराठीच असू द्या. मराठीत दिलेला अर्ज कमी वजनाचा असतो ही भीती अनाठायी आहे. आणि एकाच मजकुराच्या पाचशे छापील प्रती पाठवण्यात अर्थ नाही. तक्त्यात त्या पाचशेंची एकच ओळ होते. त्याऐवजी कोळी बंधूंनी जाळ्यांविषयी लिहावे, भातशेती करणाऱ्याने खारे पाणी खाचरात शिरण्याविषयी, गुरे पाळणाऱ्याने चराईच्या वाटेविषयी, आणि शाळेच्या बाईंनी मुले रस्ता कोठून ओलांडणार याविषयी. चार अर्ज, चार ओळी.

अर्ज स्वतः जाऊन द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. आवक शिक्का, तारीख, सही. कारकून म्हणतो, “ठेवून जा, साहेब पाहतील.” ठेवून जाऊ नये. बारनिशीत नोंद झाल्याखेरीज आपला अर्ज जन्मलेलाच नाही असे समजावे. जो माणूस त्या परिसरात राहत नाही पण ज्याचा त्या गोष्टीशी रास्त संबंध आहे, त्यालाही लेखी म्हणणे पाठवता येते; मांडवात बोलण्याचा हक्क मात्र मुख्यतः स्थानिक बाधितांचा असतो.

सुनावणीच्या दिवशी हजेरीत नाव लिहावे आणि तीन मिनिटांत आपला लेखी मुद्दाच बोलून दाखवावा. सगळे चित्रित होत असते. आणि मग, हे मी ठासून सांगतो, शेवटपर्यंत बसावे. सुनावणीच्या अखेरीस तिथल्या तिथे इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवला पाहिजे आणि त्याच दिवशी त्यावर अध्यक्षांची सही झाली पाहिजे, असे नियम सांगतो. आपली माणसे तोवर वडापावच्या गाडीवर गेलेली असतात. मुद्दा गळला असेल तर तो घालून घेण्याची याहून चांगली वेळ पुन्हा मिळत नाही.

बहिष्कार टाकावा की नाही, हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारतात. ज्यांचे घरदार पणाला लागले आहे त्यांनी सभेत शिरायचे की बाहेर बसायचे हे मी शहरातल्या खुर्चीवरून ठरवू नये. कधी लोकांचा विश्वासच उरलेला नसतो, आणि त्याला कारणेही असतात. माझे म्हणणे एवढेच, की बाहेर बसायचे तर बसा, पण लेखी हरकती आदल्या दिवशीच पोच घेऊन आत टाका. मोकळे राहिलेले रकाने दुसरेच कोणी भरते.

पुढे काय? इतिवृत्त ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय आणि मंडळ यांच्याकडे लावले जाते; ते जाऊन वाचावे. तज्ज्ञ समितीने लोकांच्या हरकतींचा खरोखर विचार केला पाहिजे आणि त्या का मान्य किंवा अमान्य केल्या याची कारणे दिली पाहिजेत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात सांगितले आहे. सुनावणीच्या तीस दिवस आधी सारांश लोकांच्या हाती पडला पाहिजे हेही त्याच निकालात आहे. उत्कर्ष मंडळ या गोव्यातल्या संस्थेची ती याचिका होती. मंजुरी मिळाल्यावर ती मान्य नसेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळतात, त्यापुढे नाही. पश्चिम भारताचे पीठ पुण्याला आहे. आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो, “हे तुम्ही सुनावणीत मांडले होते का?” पोचेची प्रत का जपायची ते आता लक्षात येईल.

इथवर वाचून डोंबिवलीचा कोणी म्हणेल, “गुरुजी, आमच्याकडे कसली आली सुनावणी?” खरे आहे. मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीच्या हद्दीतल्या कारखान्यांना सामान्यतः जनसुनावणीतून सूट असते. इमारतींच्या प्रकल्पांनाही असते. रेल्वे आणि मेट्रो तर त्या यादीतच नाहीत. म्हणजे २०१४ साली हिरवा पाऊस आणि २०२० साली गुलाबी रस्ता पाहिलेल्या, २६ मे २०१६ च्या स्फोटात बारा जीव गमावलेल्या आणि २३ मे २०२४ ला पुन्हा तोच हादरा सोसलेल्या गावाला, कारखान्यांबाबत हे दार बंद आहे. मला हे योग्य वाटत नाही. जिथे वस्ती आणि रसायने यांच्यामध्ये एक गटार आणि एक कुंपण आहे, तिथे लोकांना आधी विचारायला हवे. पण दार बंद असले तरी खिडक्या आहेत. माहितीचा अधिकार ही त्यातली मोठी. २०१६ च्या स्फोटाचा चौकशी अहवाल नागरिकांच्या हाती आला तो याच खिडकीतून, दोन वर्षांनी.

दुसरी खिडकी झाडांची. शहरी भागात झाड तोडायचे तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याला वर्तमानपत्रात आणि त्या झाडावर नोटीस लावावी लागते, आणि हरकतीला अवघे सात दिवस असतात. २०२१ पासून पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडाला वारसा म्हणून विशेष स्थान आहे. तेव्हा झाडाचे वय हाच सर्वांत बळकट मुद्दा ठरू शकतो, आणि ते वय नोटिशीपेक्षा समोरच्या चाळीतल्या आजींना अधिक नक्की ठाऊक असते. विकास आराखड्याच्या हरकती-सूचनांची मुदत नोटिशीतच छापलेली असते. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्याला साठ दिवस मिळतात. ठाणेकरांच्या डोक्यावरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा असा मसुदा २०१६ च्या आरंभी आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो कायम झाला. त्या साठ दिवसांत ठाण्यातल्या किती शाळांनी तो नकाशा भिंतीवर लावला असेल?

आणि खेड्यांसाठी सर्वांत मोठी खिडकी, ग्रामसभा. मुरबाड तालुक्यातल्या काळू धरणाची गोष्ट आठवा. महानगर प्रदेशाला पिण्याचे पाणी देण्यासाठी ते धरण. आणि पिण्याच्या पाण्याचे प्रकल्प २००६ च्या यादीत नसल्यामुळे त्याला जनसुनावणीच नाही. सुमारे हजार हेक्टर वनजमीन आणि त्यातल्या आदिवासी वाड्या बुडणार होत्या, वनखात्याची परवानगी नव्हती, तरी काम सुरू झाले. गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली, आणि मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. वनहक्क कायदा ग्रामसभेला आपल्या वनाचे रक्षण करण्याचा अधिकार देतो; शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्र असल्यामुळे तिथे जमीन संपादनाआधी ग्रामसभेचा सल्ला घेणेही बंधनकारक आहे. काळू धरणाचा विषय त्यानंतरही पुन्हा पुन्हा वर आला आहे. ठराव मात्र वहीत आहेत. तारखेसह, सह्यांसह.

कोणी म्हणेल, एवढे करून शेवटी होते तेच होते. अंशतः हे मान्य केले पाहिजे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले, आणि डहाणू ठाणे जिल्ह्यातच असताना, १९९८ साली, त्या प्राधिकरणाने वाढवणचे बंदर नामंजूर केले. पंचवीस वर्षांनी, २०२३ साली, त्याच प्राधिकरणाने नव्या बंदराला अटींसह संमती दिली. १९ जानेवारी २०२४ ला डहाणूत जनसुनावणी झाली, विरोध मोठा झाला, तरी मंजुरी आली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणीही झाली. आता याला काय म्हणायचे? एक पिढीभर किनारा तसाच राहिला, हेही खरे. आणि पुढच्या पिढीला तो लढा पहिल्यापासून लढावा लागला, हेही खरे. ज्यांच्या होड्या तिथे आहेत त्यांना मी समाधान सांगू शकत नाही. पण मंजुरीला ज्या अटी जोडलेल्या असतात, त्या पाळल्याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो मागून वाचण्याचा अधिकार त्या प्रत्येक होडीवाल्याला आहे. हरकतींतूनच अटी होतात. ज्या गोष्टीची हरकत कोणी घेतली नाही, तिची अट सहसा होत नाही.

शिक्षकांना एक विनंती करतो, आणि ती आजच करण्याजोगी आहे. शाळेत एक वही घाला. गावच्या विहिरीचे पाणी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला किती हातावर आहे, पुराचे पाणी कोठवर आले, ओढा केव्हा वाहू लागला नि केव्हा थांबला, खाडीत कोणते मासे कोणत्या महिन्यात मिळाले, हे मुलांकडून लिहून घ्या. खाली वर्गशिक्षकाची सही. नोटीस आल्यावर तीस दिवसांत अशी वही तयार होत नाही, आणि नोटीस कधी येईल ते कोणाला सांगता येत नाही.

त्या म्हाताऱ्या गृहस्थाच्या ओढ्याचे पुढे काय झाले, असे मला नेहमी विचारतात. काही महिन्यांनी मी ते इतिवृत्त मागवून वाचले. पुढाऱ्याच्या वीस मिनिटांच्या भाषणाची एक ओळ होती. म्हाताऱ्याच्या दोन वाक्यांना स्वतंत्र क्रमांक होता, आणि समोरच्या रकान्यात लिहिले होते: ‘सदर नाल्याच्या पावसाळी प्रवाहाचे सर्वेक्षण करून मोरीच्या आराखड्यात आवश्यक तो बदल करण्यात येईल.’ गेल्या वर्षी त्या वाटेने गेलो तेव्हा एकीऐवजी तीन मोऱ्या होत्या.